मदत हवी आहे: पॅलिओचा हब (चाक ज्यावर बोल्टने आवळतात तो भाग) 98 चा, मॅगव्हील 100 चे. हबला नवी भोकं पाडू का?

मंडळी, गाडी 2004 ची फियाट पॅलिओ 1.2. वडिलांनी घेतलेली, कुर्ल्याच्या कारखान्यातली. पर्यावरण कर भरून दोनदा पासिंग करून घेतलंय, त्यामुळे ती विकायचा विषय आमच्या घरात निघत नाही. 13 इंची लोखंडी डिस्का (चाकांचे साधे रिम) गंजून कडेला पापुद्रे सुटायला लागले, म्हणून सेकंडहँड 14 इंची मॅगव्हील (अ‍ॅल्युमिनियमचे रिम) घेतले. आठ भोकांचे, म्हणजे 100 आणि 114.3 मिलिमीटर अशा दोन पीसीडींचे (बोल्टची भोकं ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास म्हणजे पीसीडी). दुकानदार म्हणाला, "फियाटला बसतात, बिनधास्त न्या." चारही बोल्ट आत गेले, मीही खूश.

पहिल्याच आठवड्यात 70 च्या पुढे स्टिअरिंग थरथरायला लागलं. दोनदा बॅलन्सिंग केलं, एकदा अलाइनमेंट. काडीचा फरक नाही. गेल्या रविवारी खंबाटकी घाट ओलांडल्यावर पुढच्या डाव्या चाकातून टक टक ऐकू आलं. थांबून पाना लावला तर एक बोल्ट अर्धा फेरा सैल! तिथून साताऱ्यापर्यंत 40 च्या वर गेलो नाही. मागचे ट्रकवाले काय काय बोलले ते इथे लिहीत नाही.

घरी चाक काढून बघितलं. बोल्टच्या डोक्याखालचा शंकू रिमच्या भोकात जिथे टेकतो तिथे गोल कडं उमटायला हवं ना? तसं नाही. एकाच बाजूला, रिमच्या मध्याकडे, चकचकीत चंद्रकोर घासलेली. चारही भोकांत तशीच. मग शेजाऱ्यांचा वर्नियर आणून हबच्या समोरासमोरच्या भोकांचं अंतर घेतलं : 98. रिमचं 100. म्हणजे प्रत्येक बोल्ट एकेक मिलिमीटर आत सरकलेला, टेपने मोजलं असतं तर कळलंही नसतं. वर हबच्या मधला उंचवटा 58.1 चा आणि रिमचं मधलं भोक 73.1 चं, म्हणजे रिमला मध्ये आधारच नाही. दुकानदार परत घ्यायला तयार नाही.

आमचा लेथवाला म्हणतो, हबला जुन्या भोकांच्या मधोमध 100 वर चार नवी भोकं पाडून आटे मारून देतो. कोणी असं केलंय का? की हब आणि रिमच्या मध्ये स्पेसर (जाड चकती) टाकू? खर्चाचं बघून घेईन, पण पुन्हा घाटात टक टक नको.

डिकीतला जॅक: आधी ते चाक काढून जुनी डिस्क लावा, मग चर्चा करू. बाकी हे फियाटवाल्यांचं जुनंच दुखणं. आपल्याकडे 98 फारसं कोणाला नाही, लिनियाला आहे. मारुती स्विफ्टला 100, म्हणून बाजारात सगळा माल 100 चा. तुमचा दुकानदार पहिला नाही.

लेथवाले काका (कोल्हापूर): चाळीस वर्षं लेथवर उभा आहे, तरी सांगतो, हबला हात लावू नका. पाडायला काय, पाडता येतील. पण बोल्ट पुढच्या चाकांना ब्रेक डिस्कमधून आणि मागच्या चाकांना ब्रेक ड्रममधून जातो, म्हणजे त्यांनाही तीच भोकं पाडावी लागणार. उद्या डिस्क झिजली की नवी आणून पुन्हा ड्रिलवर. आणि भोक अर्धा मिलिमीटर चुकलं तर आज आहे तोच त्रास, फक्त आता हबही गेलेला.

स्पेसर 15-20 मिलिमीटरचा लागेल. तेवढं चाक बाहेर येतं, बेअरिंगवर ताण वाढतो, खड्ड्यात टायर मडगार्डला घासतो.

तुम्हाला वॉबल बोल्ट लागतील. त्याचा शंकू बोल्टच्या दांड्यावर सुटा असतो, थोडा बाजूला सरकून रिममध्ये नीट बसतो. 98 आणि 100 सारख्या छोट्या फरकासाठीच ते बनवतात. पण हा बोल्ट रिमला मध्यावर आणत नाही. त्यासाठी आतून 58.1 आणि बाहेरून 73.1 ची रिंग हवीच. रिंगशिवाय वॉबल बोल्ट लावाल तर थरथर तशीच राहील.

आणि एक सांगा, बोल्ट किती फेरे आत जातो?

धागाकर्ता: काका, आत्ता हाताने मोजून आलो. लोखंडी डिस्कला दहाच्या वर. मॅगव्हीलला सहा.

लेथवाले काका (कोल्हापूर): बघा! तुमचा आटा 12 बाय 1.25, म्हणजे बोल्ट 12 मिलिमीटरचा आणि दर फेऱ्याला 1.25 मिलिमीटर आत. सहा फेरे म्हणजे साडेसात मिलिमीटर पकड. 12 च्या बोल्टला निदान 12 मिलिमीटर हवी, म्हणजे दहा फेरे. मॅगव्हील जाड असतं, डिस्कचे बोल्ट त्याला पुरत नाहीत. नशीब बलवत्तर म्हणून चाक घाटात राहिलं. वॉबल बोल्ट घेताना लांबी बघून घ्या. फार लांबही नको, मागच्या बाजूला निघून घासेल. लावल्यावर चाक हवेत असताना हाताने फिरवून ऐका.

डिकीतला जॅक: स्टेपनी लोखंडीच राहणार ना? मग जुने चार बोल्ट फेकून देऊ नका. लांब बोल्ट पातळ डिस्कला लावले तर आत जाऊन कशाला तरी अडतील. रात्री पावसात हे आठवणार नाही, पिशवीत बांधून स्टेपनीलाच लटकवा.

धागाकर्ता: लटकवले. गाडी सध्या गंजक्या डिस्कांवर आहे आणि 80 ला लोण्यासारखी चालतेय, हे बघून जीव जळतो. वॉबल बोल्ट सांगून ठेवलेत, सोळा. रिंग मात्र प्लास्टिकची मिळतेय. चालेल का?

लेथवाले काका (कोल्हापूर): घाट उतरताना ब्रेक तापतात, मी तरी अ‍ॅल्युमिनियमचीच घेईन. कुठल्याही लेथवर होते. फक्त फोनवर आकडे सांगून करून घेऊ नका. एक रिम घेऊन जा, आणि ब्रेक डिस्क बसवल्यावर हबचा उंचवटा बाहेर किती उरतो ते मोजून न्या. रिंगची जाडी त्यावर ठरते.