वर्षभराची कम्युनिकेशन इंटर्नशिप: चौदा जणांचा विभाग की दोन जणींचं ऑफिस?

कोरं पान

नमस्कार. मी जनसंपर्क आणि माध्यमं या विषयाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्याकडे दुसरं वर्ष संपलं की पूर्ण एक वर्ष बाहेर काम करता येतं, मग परत येऊन शेवटचं वर्ष. माझ्या हातात दोन ठिकाणं आहेत आणि कळवायला दहा दिवस.

पहिलं म्हणजे एका मोठ्या संस्थेचा कम्युनिकेशन विभाग. चौदा जण. प्रेसचं काम वेगळं, सोशल मीडिया वेगळा, कर्मचाऱ्यांसाठीचं न्यूजलेटर वेगळं. दर चार महिन्यांनी टेबल बदलून देणार.

दुसरी एक लहान सामाजिक संस्था. या कामाला दोघीच, मी तिसरी. मुलाखतीतच म्हणाल्या, "पहिल्या आठवड्यापासून सगळं तूच करशील." ऐकून बरंही वाटलं आणि पोटात गोळाही आला.

पैसे दोन्हीकडे सारखेच, तो प्रश्न नाही. घरच्यांचा कल मोठ्या नावाकडे. मैत्रिणी म्हणतात, तिथे वर्षभर कात्रणं काढत बसशील. शिवाय परत येईन तेव्हा वर्गातले बरेच जण पास होऊन गेलेले असतील, तेही डोक्यात आहे. ज्यांनी असं वर्ष काढलंय त्यांनी कृपया सांगा, काय बघून ठरवू?

शाईचा डाग

मी काढलंय. मोठ्या ठिकाणी. आणि आधी कात्रणांची बाजू घेते, कारण त्यांची उगाच बदनामी झाली आहे.

पहिले सहा आठवडे माझं काम एकच होतं. सकाळी साडेआठच्या आत आपल्या संस्थेबद्दल आणि आपल्या विषयाबद्दल कुठे काय छापून आलंय ते शोधायचं आणि पानभर सारांश सगळ्यांना पाठवायचा. आठवडाभरात कंटाळा आला. महिन्याभरात लक्षात आलं की कुठला पत्रकार कशावर लिहितो, कुणाला आकडे लागतात, कुणाला माणूस लागतो, हे मला न पाहता सांगता येतंय. पुढे मीडिया लिस्ट, म्हणजे पत्रकारांची यादी, करायची वेळ आली तेव्हा नवी यादी मी दोन दिवसांत उभी केली. जुन्या यादीतले निम्मे लोक नोकरी बदलून गेले होते, हे माझ्याशिवाय कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

मग पहिली प्रेसनोट. मी 480 शब्द लिहिले आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. वरिष्ठ बाईंनी कागद परत दिला तेव्हा पहिल्या तीन परिच्छेदांवर सरळ काट मारलेली आणि समासात लिहिलेलं: "बातमी चौथ्या परिच्छेदात झोपली आहे. तिला उठवून वर आण." वर्गात उलटा पिरॅमिड, म्हणजे सगळ्यात महत्त्वाचं सगळ्यात वर, मी परीक्षेला आकृतीसकट काढला होता! पण स्वतःच्या मजकुरावर काट पडेपर्यंत तो कळला नव्हता. शेवटी 260 शब्द उरले. त्यानंतर मंजुऱ्या. तज्ज्ञांनी प्रत्येक आकड्याआधी 'सुमारे' घातलं, कायदा विभागाने 'शक्यता आहे' घातलं, मोठ्या साहेबांनी स्वतःच्या नावावरचं वाक्य दुप्पट लांब केलं. हे सगळं सांभाळून मजकूर वाचनीय ठेवायचा, हेच या नोकरीतलं निम्मं काम.

फजितीही सांगते. चौथ्या महिन्यात एक प्रेसनोट 140 पत्रकारांना पाठवायची होती. एम्बार्गो होता, म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या आधी छापायचं नाही. ती ओळ मी तीनदा तपासली, वेळ तपासली, तारखेपुढे वारसुद्धा लिहिला. आणि सगळे पत्ते बीसीसीऐवजी (तिथे ते एकमेकांना दिसत नाहीत) सीसीत (तिथे सगळ्यांना दिसतात) टाकून मोकळी झाले. चार मिनिटांत पहिलं 'रिप्लाय ऑल' आलं: "वा, आता माझा पत्ता सगळ्यांकडे." बाईंनी मला बाजूला न सारता शेजारी खुर्चीत बसवून माफीचा मजकूर माझ्याकडूनच लिहून घेतला. तीन वाक्यं. काय झालं, कुणाच्या चुकीने, पुढे काय करणार. त्यातलं 'झालेल्या गैरसोयीबद्दल' खोडून त्यांनी 'तुमचा पत्ता उघड झाल्याबद्दल' केलं. वर्षभरात मी जे काही शिकले त्यातलं बरंचसं त्या एका दुरुस्तीत आहे.

म्हणून माझं मत: मोठं की लहान हे नंतर बघ. तुझा मजकूर कोण खोडणार आहे, ते आधी विचार.

उंटावरची शहाणी

डागताईंना अनुमोदन, पण उलट्या टोकावरून. मी लहान ठिकाणी होते. वेबसाइट, पोस्टर, कार्यक्रमाचे फोटो, सोशल मीडिया, एकदा तर माइकची बॅटरी संपली म्हणून धावतपळत जाऊन आणली. सगळं मीच करत होते. सीव्हीवर ते झकास दिसतं. पण वर्षभरात माझ्या एकाही मजकुराला कुणी हात लावला नाही. जे लिहीन ते थेट बाहेर.

आमच्या वार्षिक कार्यक्रमाचं पोस्टर मी पांढऱ्यावर फिक्या पिवळ्या अक्षरांत केलं होतं. दिसायला फार नाजूक. ज्यांना नीट दिसत नाही अशा एका वाचकांचा मेल आला: "तारीख कुठे आहे?" तेव्हा शोधाशोध केल्यावर कळलं की याचे जगभर वापरले जाणारे निकष आहेत. साध्या आकाराच्या अक्षरांचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट, म्हणजे फिक्या-गडदपणातला फरक, किमान 4.5:1 हवा. आणि फोटोला ऑल्ट टेक्स्ट (फोटो न दिसणाऱ्यांसाठी त्यामागे लिहिलेला मजकूर) म्हणून 'फोटो 3' चालत नाही, त्यात काय दिसतंय ते लिहायचं असतं. शेजारी जाणकार कुणी असतं तर हे पहिल्याच महिन्यात कळलं असतं. नंतरच्या नोकरीत सहा महिने जुन्या सवयी मोडण्यात गेले.

अवांतर: "सगळं तूच करशील" याचा अर्थ कधीकधी "आम्हाला वेळ नाही" असाही असतो.

शिशाचा खिळा

मी गेली काही वर्षं अशा मुलामुलींकडून काम करून घेतो, म्हणजे टेबलाच्या या बाजूने लिहितो.

वर जे सांगितलंय ते फोनवर स्पष्ट विचार. "माझा मसुदा कोण वाचणार? आधीच्या इंटर्नचा दुरुस्त केलेला एखादा कागद दाखवाल का?" ज्यांच्याकडे असा कागद असेल ते सहज दाखवतील. ज्यांच्याकडे नसेल ते 'आमची प्रक्रिया' वगैरे बोलतील.

दुसरं, आकड्यांबद्दल. कुठेही गेलीस तरी महिन्याचा अहवाल तुझ्या गळ्यात पडणार, कारण तो कुणालाच आवडत नाही. त्यात दोन जुन्या खोडी आहेत. एक, बातमीला मिळालेल्या जागेचा जाहिरातीच्या दराने हिशेब करून 'इतक्या किमतीची प्रसिद्धी मिळाली' असं सांगणं. या क्षेत्रातल्या लोकांनी 2010 मध्ये, प्रसिद्धीचं काम कसं मोजावं याच्या 'बार्सिलोना तत्त्वां'मध्ये, हे मोजमाप स्पष्ट शब्दांत नाकारलं, तरी मागणारे साहेब अजून मागतात. दुसरी, न्यूजलेटर किती जणांनी उघडलं तो आकडा. मेलमधलं चित्र उतरवलं गेलं की मेल उघडला, असं धरून तो मोजतात. 2021 मध्ये ॲपलने आपल्या मेल ॲपमध्ये प्रायव्हसीची जी सोय दिली, ती चालू असली की वाचणाऱ्याने मेल उघडला नाही तरी आतली चित्रं आपोआप उतरवली जातात आणि मोजणीत तो 'उघडला' म्हणून धरला जातो. म्हणून क्लिक किती, उत्तरं किती आली, कार्यक्रमाला नावं किती नोंदली गेली, ते बघ. इंटर्नने हे नम्रपणे विचारलं की खोलीत जरा शांतता होते. होऊ दे.

तिसरं, दर शुक्रवारी जाण्याआधी दहा मिनिटं वहीत लिही: काय केलं, कुणी काय बदललं, का बदललं. परत गेल्यावर कॉलेजला अहवाल द्यावा लागतो आणि अकराव्या महिन्यात पहिला महिना आठवत नाही. स्वतःचं कोणतं काम बाहेर दाखवता येईल याची लेखी परवानगीही शेवटच्या दिवसाआधीच घे. त्या दिवशी संध्याकाळी लॉगिन बंद होतं आणि फाइली गेल्या. दरवर्षी एक तरी रडका फोन येतो मला.

उंटावरची शहाणी

खिळेकाका, शुक्रवारच्या वहीला +१. मी ती सातव्या महिन्यात सुरू केली, आधीचे सहा कोरे.

शाईचा डाग

वर्गाचं राहिलंच. हो, पहिले पंधरा दिवस डबा एकटीने खाल्ला. मग ग्रुप प्रोजेक्टच्या वेळी सगळे माझ्याच गटात यायला बघायला लागले, कारण मला मीटिंग अर्ध्या तासात संपवता येत होती.

कोरं पान

सगळ्यांचे मनापासून आभार. धाग्यावर परत येऊन सांगायचं कबूल केलं नव्हतं, पण सांगते.

दोन्हीकडे फोन केला आणि खिळेकाकांचा प्रश्न जसाच्या तसा विचारला. मोठ्या ठिकाणच्या एचआरने सांगितलं की रीतसर मूल्यमापन होतं, दर तीन महिन्यांनी एक फॉर्म असतो. मजकूर कोण वाचतं ते त्यांना सांगता येईना. विभागातल्या कुणाशी बोलता येईल का विचारलं तर रुजू झाल्यावर ओळख होईलच म्हणाले.

लहान संस्थेतल्या बाई आधी हसल्या. संध्याकाळी त्यांनी एका कागदाचा फोटो पाठवला. मागच्या वर्षीच्या मुलीने लिहिलेलं देणगीदारांसाठीचं पत्र, नावावर बोट ठेवून झाकलेलं. हिरव्या पेनाने अर्ध्याहून जास्त मजकूर खोडला होता. समासात तीन ठिकाणी एकच प्रश्न: "हे तू कुणाला सांगते आहेस?" खाली त्याच पत्राची पाचवी आवृत्ती. पाचवी खरंच चांगली होती, मीच देणगी दिली असती.

तिथेच हो म्हणून कळवलं. शहाणीताई, "वेळ नाही" वाली शंका मी त्यांनाही सरळ विचारली. त्या म्हणाल्या, वेळ नाहीच, म्हणून आम्ही मंगळवारी सकाळी दोन तास फक्त एकमेकींचं खोडतो, तेव्हा फोन घेत नाही. घरच्यांना अजून पूर्ण पटलेलं नाही.

बीसीसीची चिठ्ठी स्क्रीनला चिकटवून ठेवणार आहे.

शाईचा डाग

आणि 'टू'मध्ये स्वतःचा पत्ता, हेही त्याच चिठ्ठीवर लिही.