जुलैत नागोयाला चाललेल्या पोराच्या बॅगेत काय ठेवू, काय काढू?

राजारामपुरीकर
नमस्कार मंडळी. थोरला १० जुलैला जपानात नागोयाला चाललाय, कारखान्यात दोन वर्षांसाठी. आम्ही इकडं कोल्हापुरात जुलैत पंचगंगेच्या पाण्यावर डोळा ठेवून स्वेटर घालून बसतोय, आणि तिकडं म्हणे लई उकडतंय. पोरगं म्हणतंय, "पप्पा, एप्रिल-मे काढतोय की आपण. एसी कशाला, बारका कूलर घेतो, बिल वाचतंय." त्याच्या आईनं सहा सुती बनियन, तीन किलो चटणी आणि नवी कोरी कापशी चप्पल भरून ठेवलीय. तिथं राहिलेल्या कुणी तरी सांगा.

मंगळवारपेठेची_लेक
काका, सात वर्षं नागोयात आहे. आधी कूलर डोक्यातनं काढायला लावा. कूलरमधलं पाणी हवेत उडतं म्हणून गार वाटतं. इथली हवा आधीच पाण्यानं गच्च, ती आणखी कुठलं पाणी घेणार? खोलीत नुसता दमटपणा वाढतो.

आपला मे वेगळा हो. दुपारी ३८ झालं तरी घाम वाळतो, आणि संध्याकाळी वळीव पडला की रात्री चादर ओढावी लागते. इथं घाम वाळतच नाही. रात्रीसुद्धा पारा २५ च्या खाली उतरत नाही, अशा रात्रीला 'नेत्ताइया' असं नावच आहे. ३५ किंवा त्याच्या वर गेलेला दिवस म्हणजे 'मोशोबी'. ३ ऑगस्ट २०१८ ला तर नागोयात ४०.३ झालं होतं.

बिल वाचवायचा शहाणपणा मीही केला होता. पहिल्या ऑगस्टात रात्री एसी बंद, खिडकी उघडी, कोपऱ्यात टेबल फॅन. चौथ्या दिवशी पहाटे उठले तर डोकं गरगरतंय, पोटऱ्यांत गोळे, उलटी. उन्हात पाऊलसुद्धा टाकलं नव्हतं! शेजारच्या आजींनी फ्रीजमधल्या बर्फाच्या पिशव्या रुमालात गुंडाळून मानेला आणि काखेत लावल्या. मग बराच वेळ रागावल्या. सगळे शब्द कळले नाहीत, पण सूर आमच्या आत्याचाच होता. 'नेच्चूशो' हा शब्द तेव्हा कायमचा पाठ झाला. उकाड्यानं होणाऱ्या त्रासाला इथं तेच म्हणतात.

तेव्हा एसी लावायचाच, रात्रीसुद्धा. रिमोट सगळा जपानीत असतो. 'रेइबो' म्हणजे थंड, 'जोशित्सु' म्हणजे दमटपणा काढणारं. तो येईल तेव्हा 'त्सुयु'चा, म्हणजे त्यांच्या पावसाळ्याचा शेवट असेल, त्या दिवसांत जोशित्सुवर भागतं. 'दानबो' मात्र दाबायचं नाही, तो हीटर. मी दाबलाय.

बनियन दोनच द्या. सुती एकदा भिजलं की भिजलं. बाहेर पाऊस, म्हणून खोलीत वाळत घातलं तर असा कुबट वास धरतं की परत धुवायला लागतं. इथं पातळ, पटकन वाळणारे बनियन मिळतात, ते घेऊ दे. खिशाला छोटा टॉवेल हवाच. पुष्कळ स्वच्छतागृहांत हात पुसायला काही नसतं, आणि घामालाही तोच.

प्यायला 'मुगीचा' करायला शिकू दे. भाजलेल्या जवाची पुडी गार पाण्याच्या भांड्यात टाकून फ्रीजमध्ये ठेवायची, झालं. पहिल्या घोटाला करपल्यासारखं लागेल, आठवड्यात सवय होते. चटणी फ्रीजमध्येच. बाहेर राहिली की ढेकळं होतात.

चप्पल पाठवू नका, काका. मीही आणली होती, बाबांनी मापानं शिवून घेतलेली. जूनमध्ये दाराजवळच्या कपाटात ठेवली, गणपतीला काढली तर दोन्ही अंगठ्यांवर हिरवट-पांढरी लव. पुसली, उन्हात ठेवली. बुरशी गेली, पण करकर कायमची गेली. असली मुकी चप्पल घालून काय करायचं?

गडहिंग्लजचा_गडी
भाऊ माझा ओसाकाकडं बांधकामावर हाय. तिथं कामगार कमरेला दोन बारके पंखे बसवलेलं जाकीट घालत्यात, फुगलेल्या फुग्यागत दिसत्यात. हसू नका, लई कामाचं हाय. आणि कारखान्यात गरगरलं तर पोरानं लाजायचं न्हाई, लगेच सांगायचं. जून २०२५ पासनं उकाड्यात काम करणाऱ्यांची काळजी घेणं मालकाला कायद्यानंच बंधनकारक केलंय.

मालवणी_झील
घाम सुकणा नाय म्हणजे काय ता आमका इचारा. पोराक आठ दिवस मालवणाक धाडा, सराव होतलो.

राजारामपुरीकर
लेकी, लई उपकार. आजींचं वाचून पोरगं गप झालं, कूलरचा विषय संपला. रिमोटवरचे तिन्ही शब्द पाठ करायला लावलेत. बनियनांवर घरात तह झाला, तीन जाणार. आईनं चप्पल मुकाट्यानं काढली, आणि त्या जागेत आणखी एक किलो चटणी बसवली.