गवताआधी खालचा थर बघा
परसातली माती सपाट करून त्यावरच कृत्रिम गवत अंथरलं तर पटिंग ग्रीन (गोल्फचा चेंडू हलकेच ढकलून भोकात घालायची हिरवळ) होईल का, असं एकाने विचारलंय. कृपया तसं करू नका. माती पावसात फुगते, उन्हात आकसते आणि जरासा उंचवटा आला तरी चेंडू वाट सोडतो. वरची ४-५ इंच माती काढा, खडी घाला, त्यावर बारीक कच पसरा आणि पाणी मारत थराथराने धुमसून घ्या. खरी मेहनत इथेच आहे. मी या कामाला दोन दिवस जास्त दिले, त्याचं समाधान आजही वाटतं. पाण्यासाठी १ ते २ टक्के उतार पुरतो, पण तो घराच्या भिंतीपासून दूर जाणारा हवा.

कप, म्हणजे चेंडू ज्यात पडतो ते भोक, गवताआधीच बसवा. नियमाप्रमाणे व्यास ४.२५ इंच. गवताचा जोड कपाजवळ येऊ देऊ नका आणि दोन्ही तुकड्यांच्या तंतूंची दिशा एकच ठेवा.

शेवटी सिलिका वाळू थोडी थोडी पसरून ब्रशने मुरवा. वाळू वाढत जाते तसा चेंडू जोरात पळतो, म्हणून सुरुवातीला हात आखडता ठेवा. नंतर वाळू घालता येते, काढणं मात्र फार जिकिरीचं.