लॅम्पशेडला मराठीत काय म्हणाल?

विभावरी_गोरेगाव
दिवाळी अंकासाठी घरातल्या दिव्यांच्या इतिहासावरचा एक इंग्रजी लेख मराठीत करतेय. पणतीपासून पेट्रोमॅक्सपर्यंत काम सुरळीत झालं, विजेच्या दिव्यांपाशी येऊन गाडी अडली. पॉल हेनिंगसेन नावाच्या डॅनिश वास्तुरचनाकाराने १९२०च्या दशकात एक दिवा केला. रॉकेलच्या दिव्याच्या मऊ उजेडाची सवय असलेला माणूस, उघडा बल्ब त्याच्या डोळ्यांत खुपायचा. म्हणून त्याने एकाखाली एक तीन शेड अशा बेताने बसवल्या की बल्ब थेट दिसू नये, पण उजेड मात्र टेबलावर पडावा. आता या 'शेड'ला काय लिहू? मी 'आवरण' लिहिलं होतं, ते सरकारी वाटतं. संपादकबाईंनी 'छत्री' केलं. 'तीन छत्र्यांचा दिवा' वाचून मला जुलैतलं दादर स्टेशन दिसायला लागतं. सुचवा काहीतरी.

आप्पा_मुगभाट
ज्या भाषेत पणती, निरांजन, समई, ठाणवई, लामणदिवा, कंदील, हंडी, झुंबर इतके शब्द आहेत तिला शेडसाठी इंग्रजीपुढे हात पसरायची काय गरज? 'दीपछत्र' लिहा. दोन दिवसांत कानाला सवय होते.

लोहारचाळवाला
दीपछत्र म्हणून दुकानात मागून बघा आप्पा, तुम्हाला गणपतीच्या मखराच्या दुकानाचा पत्ता देतील. मी घरांची लायटिंगची कामं घेतो, माल लोहार चाळीतूनच उचलतो. दुकानदार गुजराती, पोऱ्या बिहारचा, गिऱ्हाईक मराठी, आणि तिघांच्या तोंडी शब्द एकच: शेड. भिंतीवरचा तो वॉल लाइट, वरून सोडलेला तो हँगिंग. झुंबर मात्र टिकून आहे. शँडेलिअर कुणी म्हणत नाही, कारण म्हणता येत नाही.

उलटतपासणी
आप्पा, तुमच्या यादीचीच झडती घेऊ. समई आली अरबी 'शमा'वरून, मेणबत्तीवाल्या. शामदान त्याच घरातलं. कंदील हाही अरबी 'किंदील', आणि तो ग्रीकमार्गे लॅटिन 'कांदेला'पर्यंत जातो. म्हणजे कंदील आणि कँडल ही चुलत भावंडं. आपल्या आकाशकंदिलात अर्धं संस्कृत आणि अर्धं रोम आहे. शेडनेच काय घोडं मारलंय?

आप्पा_मुगभाट
आमच्या देवघरातली समई पिढ्यान् पिढ्या तेवते आहे, ती अरबी कशी होईल? सर्व बाजूंना सम उजेड देते ती समई. सरळ आहे.

उलटतपासणी
सरळ आहे म्हणून तर संशय येतो. असल्या व्युत्पत्त्या जेवणानंतर सुपारी कातरताना तयार होतात. शब्द कुठूनही आला तरी समई मराठीच. तोच न्याय शेडला लावा एवढंच म्हणणं आहे.

टिळकब्रिज
माझी एक शंका. लामणदिव्यातलं 'लामण' आणि इंग्रजी 'लॅम्प' यांचं काही नातं असेल का? दोन्ही दिवेच.

उलटतपासणी
नाही. लॅम्प ग्रीकमधून, तिथे मूळ अर्थ उजळणं. लामण म्हणजे लोंबणारा, संस्कृत 'लंब'कडचा. एक उजेडावरून, एक साखळीवरून. (विभावरीताई, हँगिंगला लामणदिवा लिहायला तुम्हाला कुणाची हरकत नसावी.)

शेडसाठी माझ्याकडे एक जुना शब्द आहे: फाणस. फारसीतला फानूस. ज्योतीला वारा लागू नये म्हणून तिच्याभोवती ठेवायचं काचेचं घर. वापरात नाही, पण मेलेलाही नाही.

विभावरी_गोरेगाव
'तीन फाणसांचा दिवा' लिहिलं की मुद्रितशोधक दुसऱ्या मिनिटाला त्याचे फणस करतील. शिवाय कामात फरक आहे हो. फाणस ज्योतीला वाऱ्यापासून वाचवतं. शेड आपल्याला बल्बपासून वाचवते. समईच्या एवढ्याशा ज्योतीला झाकायला कोण जाणार होतं? लेखातही हेच आहे: १७८०च्या दशकात आर्गां नावाच्या जिनीव्हाच्या माणसाने पोकळ गोल वात आणि वर काचेची नळी असा दिवा काढला. आतून-बाहेरून हवा मिळाल्यावर ज्योत लख्ख झाली. मग गॅस, मग वीज. उजेड डोळ्यांना सोसवेना तेव्हा शेडचं महत्त्व वाढलं. आपल्याकडे शब्द नाही कारण गरजच नव्हती, असं मला वाटायला लागलंय.

मालवणी_चेडू
काचेच्या नळीवरून आठवलं. आमच्या देवगडकडे 'चिमणी' म्हणजे औषधाची रिकामी बाटली, झाकणाला भोक, भोकातून पत्र्याची बारीक नळी आणि तिच्यात चिंधीची वात. काच नाहीच! भिंतीवर काजळीचा पट्टा वरपर्यंत जायचा, दर गणपतीआधी आई चुन्याने पुसायची. मग नाव चिमणी का? आजी म्हणायची, चिमणीएवढा उजेड म्हणून.

लोहारचाळवाला
इंग्रजी चिमनी हो. नाव काचेचं, ते काच नसलेल्यालाही चिकटलं. गोणपाटाला जरीचं लेबल.

मालवणी_चेडू
आजीचं जास्त चांगलं आहे. माझं मत आजीला.

आप्पा_मुगभाट
विषयावर या. हंडी! हंडी हाच शब्द आहे. 'हंड्या-झुंबरं' आपण एका दमात म्हणतो. आमच्या वाडीतल्या देवळात होत्या: फुग्यासारखी काच, एक जांभळी, एक हिरवी, वर पितळी कडं आणि तीन साखळ्या. आत पेला. त्यात तळाला पाणी, वर खोबरेल, तारेच्या तिवईत वात उभी. तेल संपलं की वात पाण्याला टेकून आपोआप चर्रकन जायची, काच तडकायची नाही. काकड आरतीला खाली फरशीवर जांभळा आणि हिरवा डाग पडायचा, आम्ही पोरं त्यावर पाय ठेवायला भांडायचो. उजेडाला रंग देणारी, चमक मऊ करणारी ती काच शेड नाही तर काय?

विभावरी_गोरेगाव
आप्पा, हे मात्र कामाचं आहे. लेखात पुढे न्यूयॉर्कच्या टिफनीच्या रंगीत काचांच्या दिव्यांचा भाग आहे. त्यांतले बरेच नमुने क्लारा ड्रिस्कॉल आणि तिच्या हाताखालच्या मुलींचे होते. नाव मालकाचं झालं, तिची पत्रं उजेडात आली २००५च्या सुमारास. तिथे 'हंडी' बसेल. पण हेनिंगसेनच्या शेड पत्र्याच्याही होत्या. पत्र्याची हंडी?

टिळकब्रिज
मुंबईत आता हंडी म्हणजे एकतर गोविंदा नाहीतर बिर्याणी.

उलटतपासणी
आणि नोगुची या जपानी-अमेरिकन शिल्पकाराचे कागदी दिवे? जपानमधल्या गिफू गावात १९५१ साली बघितलेल्या कागद-बांबूच्या कंदिलांवरून त्याने बैठकीच्या खोलीतले दिवे केले. त्यात शेड वेगळी काढताच येत नाही, सगळा दिवाच शेड. माहीमच्या कंदील गल्लीतल्या कारागिराला दाखवा, तो 'कंदील' म्हणून मोकळा होईल.

मालवणी_चेडू
मला दुसरंच खटकतं. हल्ली सगळीकडे 'दिवा विझवा' लिहितात. आमच्या घरी दिवा विझवायचा नाही, मालवायचा. 'दिवा विझला' म्हटलं तर आई कपाळावर आठ्या घालायची. विभावरीताई, लेखात तेवढं सांभाळा.

टिळकब्रिज
विजेचा दिवा कोण मालवतं? तो बंद करतात. आणि लाइट जाते, तीसुद्धा बाईमाणूस. जातो म्हणणारा मला एकच भेटला, नागपूरचा.

आप्पा_मुगभाट
लाइट नव्हे, वीज जाते.

लोहारचाळवाला
वीज पडते आप्पा. जाते ती लाइट.

उलटतपासणी
मुंबईने तर गॅसच्या दिव्याचा उजेड बाटलीत भरला. १८६५ साली रस्त्यावर गॅसचे दिवे लागले, आणि 'गॅसलाइट'चं झालं घासलेट, म्हणजे ज्यात गॅस नाही असं तेल! पुढे क्रॉफर्ड मार्केटात १८८२मध्ये विजेचे दिवे आले तरी घासलेट काही हटलं नाही.

मालवणी_चेडू
आम्ही रॉकेल म्हणतो. घासलेट मुंबईकरांचं.

आप्पा_मुगभाट
रॉकेल म्हणजे रॉक ऑइल. तेही इंग्रजीच. 'खडकतेल' म्हणायला हरकत नव्हती.

टिळकब्रिज
रेशनच्या रांगेत उभं राहून 'दोन लिटर खडकतेल' मागायला तुम्ही पुढे व्हा.

विभावरी_गोरेगाव
मंडळी, शेड? उद्या संध्याकाळी मजकूर द्यायचाय.

मालवणी_चेडू
लोहारचाळवाले दादा, आजीच्या कंदिलाची काच फुटलीय. मुंबईत मिळेल का कुठे?

लोहारचाळवाला
मिळेल ताई. उंची नका मोजू, काच खाली बसते त्या कड्याचा आतला व्यास मोजून आणा, तिथेच लोक फसतात. आधी चोरबाजारात मटण स्ट्रीटला बघा. शुक्रवारी जाऊ नका, दुकानं बंद असतात. आणि काच जुनी पाहिजे म्हणू नका, लगेच भाव दुप्पट होतो.