‘यंत्रणा सांभाळणे हे संशोधन नव्हे’ या विधानाला उत्तर

रात्रपाळी :
काल इथे ‘समीकरण’ यांनी लिहिले की, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संशोधनाला कल्पना लागते आणि जीपीयू (असंख्य आकडेमोडी एकाच वेळी करणाऱ्या चिप) लागतात. क्लस्टर, म्हणजे एकत्र जोडलेली अशी अनेक यंत्रे, चालवणारी माणसे ही पाणीपुरवठ्यासारखी सोय आहे, तेव्हा संशोधनाच्या निधीतून त्यांची पदे भरू नयेत. मी गेली अकरा वर्षे एका संस्थेचे क्लस्टर सांभाळतो आहे आणि हे विधान मला मुकाट्याने गिळता आले नाही.

मेटाने 2024 मध्ये लामा 3 या भाषा-मॉडेलचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यात 16,384 ‘एच100’ जातीच्या जीपीयूंवर चाललेल्या प्रशिक्षणाच्या 54 दिवसांचा हिशेब आहे. काम 466 वेळा थांबले, त्यांपैकी 419 वेळा अनपेक्षितपणे, म्हणजे सरासरी दर तीन तासांनी एकदा. तरीही नव्वद टक्क्यांहून अधिक वेळ सत्कारणी लागला आणि माणसाला मोठा हस्तक्षेप करावा लागला तो फक्त तीनदा. हे आपोआप घडावे यासाठी कोणीतरी आधी महिनोन्महिने खपलेले असते.

मोठ्यांचे राहू द्या. गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे चार नोडांवरचे (क्लस्टरमधल्या चार यंत्रांवरचे) एक प्रशिक्षण निम्म्या वेगाने चालू लागले. जॉब, म्हणजे क्लस्टरला दिलेले काम, बंद पडला नव्हता, लॉगमध्ये एकही त्रुटी नव्हती, लॉसही (मॉडेल किती चुकते त्याचे माप) व्यवस्थित उतरत होता. प्रत्येक टप्प्याअखेर ग्रेडियंटची (मॉडेल कुठे किती बदलायचे ते सांगणाऱ्या आकड्यांची) बेरीज होईपर्यंत सगळे जीपीयू एकमेकांसाठी थांबतात, त्यामुळे एक नोड रेंगाळला की बाकीचे तीनही ताटकळतात. रात्री दोन वाजता एकेक पोर्ट तपासत गेलो, तेव्हा नोडांना जोडणाऱ्या एका इन्फिनीबँड केबलवर चुकांचा आकडा भराभर चढताना दिसला. केबल काढली, टोक पुसले, पुन्हा बसवली आणि वेग पूर्ववत झाला. ती केबल सापडली नसती, तर त्या विद्यार्थ्याने आपलाच कोड मंद आहे असे समजून दोन आठवडे तो उकरला असता.

समीकरण :
मी त्या कामाला हलके म्हटले नव्हते; ते संशोधन नाही असे म्हटले होते, आणि आजही म्हणते. 2012 मध्ये चित्रे ओळखणारे ॲलेक्सनेट दोन जीटीएक्स 580 जीपीयू कार्डांवर पाच-सहा दिवसांत तयार झाले. आजच्या भाषा-मॉडेलांचा पाया असलेल्या ट्रान्सफॉर्मरच्या 2017 च्या लेखातील मोठे मॉडेल आठ पी100 जीपीयूंवर साडेतीन दिवसांत शिकले. या क्षेत्राची दिशा बदलली ती या दोन कामांनी, आणि दोन्ही एका यंत्रावर मावली.

माझा राग कशाचा आहे तेही सांगते. आमच्या प्रकल्पात दोन पदे होती. दुसऱ्या पदावर पोस्टडॉक (पीएचडीनंतरची संशोधक) म्हणून जिला घेण्याचा मी शब्द दिला होता ती मुलगी परदेशी निघून गेली, कारण ते पद क्लस्टरच्या नावाखाली काढून घेतले गेले. त्यानंतरही माझ्या विद्यार्थ्यांचे जॉब चार-चार दिवस रांगेत पडून असतात आणि कोणाला किती जीपीयू द्यायचे हे आमचा विषय न जाणणारा माणूस ठरवतो.

तिसरा मजला :
मी विद्युत विभागातून निवृत्त झालो आहे, तेव्हा भिंतीपलीकडची बाजू सांगतो. आठ एच100 असलेल्या एका सर्व्हरला कमाल दहा किलोवॉटच्या आसपास वीज लागते आणि ती सगळी उष्णता खोलीबाहेर काढावी लागते. आमच्या संस्थेत असे सर्व्हर सात महिने खोक्यांतच व्हरांड्यात पडून होते, कारण निविदेत यंत्रे होती, पण वाढीव भार आणि शीतकरण नव्हते. मार्च 2024 मध्ये केंद्राने इंडियाएआय मोहिमेसाठी 10,372 कोटी मंजूर केले, तेव्हाही बातम्यांच्या मथळ्यांत जीपीयूंचीच संख्या होती. ते चालवणार कोण, हा प्रश्न मला कोणत्याच मथळ्यात दिसला नाही. पुण्यात 1988 मध्ये सी-डॅक ही सरकारी संगणक-संशोधन संस्था स्थापन झाली आणि 1991 मध्ये परम 8000 हा महासंगणक उभा राहिला, तो यंत्रणा बांधणाऱ्या माणसांच्या जोरावर. तेव्हा यंत्रणा हेच संशोधन होते.

पाचवे वर्ष :
मी समीकरण यांच्या बाजूने लिहायला बसले होते, कारण रांगेचा जाच मीही भोगते आहे. परंतु एक गोष्ट सांगितल्याशिवाय ते प्रामाणिक ठरणार नाही.

आमच्याकडे कोणताही जॉब चोवीस तासांनी बंद होतो आणि चेकपॉइंटवरून (प्रशिक्षणाच्या जपून ठेवलेल्या स्थितीवरून) पुन्हा सुरू करावा लागतो. मी वेट (मॉडेलने शिकलेले आकडे) आणि ते बदलत नेणाऱ्या ऑप्टिमायझरची स्थिती जपत होते. डेटा कुठपर्यंत वाचून झाला, हे मात्र जपत नव्हते. त्यामुळे दररोज वाचन पहिल्या फाइलपासून, त्याच क्रमाने सुरू होत असे. मॉडेल तोच मजकूर पुन्हा पुन्हा गिरवत होते आणि लॉस झपाट्याने खाली येत होता. माझ्या नव्या लर्निंग रेटच्या (दर टप्प्याला मॉडेल किती बदलायचे त्या प्रमाणाच्या) वेळापत्रकाचे हे यश आहे असे मी समजले, आलेख काढला, लेखाची दोन पानेही लिहिली.

चूक पकडली ती आमच्या सिस्टिम इंजिनिअरने. फाइल सर्व्हरवरचा ताण पाहताना त्यांच्या लक्षात आले की काही मोजक्या फाइली रोज वाचल्या जात आहेत आणि उरलेल्या फाइलींना दोन आठवड्यांत कोणी स्पर्शही केलेला नाही. त्यांनी मला एवढेच विचारले, “तुमचा डेटा इतका थोडा आहे का?” त्या प्रश्नाने माझा निष्कर्ष कोसळला.

समीकरण :
हा प्रसंग गंभीर आहे, हे मान्य करते. पण ही चूक तुमच्या मार्गदर्शकांनी पकडायला हवी होती.

रात्रपाळी :
पकडली कोणी, हे महत्त्वाचे आहे. ‘पाचवे वर्ष’, लेखात त्यांचे नाव आहे का?

पाचवे वर्ष :
आभारांत आहे.

रात्रपाळी :
आभारांत! खोटा निष्कर्ष छापला जाण्यापासून ज्याने वाचवले, त्याला शेवटच्या पानावर, निधी देणाऱ्यांच्या खाली एक ओळ. अकरा वर्षांत माझ्या यंत्रांवर किती प्रबंध झाले ते मी मोजणे सोडून दिले आहे. त्यांतल्या एकाही लेखावर माझे नाव नाही, आणि माझा करार आजही दर अकरा महिन्यांनी नव्याने होतो.

समीकरण :
तुमच्या करारावर होणारा अन्याय माझ्या लेखांवर आणू नका. लेखावर नाव असणे म्हणजे त्यातल्या दाव्याची जबाबदारी घेणे. परीक्षकाच्या प्रश्नांना उत्तर देण्यास तुम्ही उभे राहणार आहात का?

रात्रपाळी :
प्रशिक्षण कितीदा थांबले, कुठून पुन्हा सुरू केले, त्याचा निकालावर काय परिणाम झाला, या प्रश्नांना मीच उत्तर देऊ शकतो, तुम्ही नाही. मेटाने 2022 मध्ये ओपीटी-175बी या भाषा-मॉडेलसोबत रोजची नोंदवहीसुद्धा खुली केली. 992 ए100 जीपीयूंवर निदान 35 वेळा हाताने पुन्हा सुरुवात करावी लागली, हे त्यांनी लपवले नाही. लॉस उसळल्यावर लर्निंग रेट कमी करून मागच्या चेकपॉइंटवरून निघायचे, हा निर्णय यंत्रणेचा की संशोधनाचा, ते तुम्हीच सांगा.

तिसरा मजला :
दोघांनीही जरा आवाज खाली आणावा. पद कोणत्या निधीतून भरायचे हा मूळ प्रश्न होता.

समीकरण :
त्याकडेच येते. लॉस उसळल्यावर घेतलेला निर्णय संशोधनाचाच आहे, एवढे मला मान्य करावे लागेल. पुढच्या प्रस्तावात रिसर्च इंजिनिअरचे पद मी स्वतंत्रपणे मागेन, पण पोस्टडॉकच्या पदाला हात लावू देणार नाही. आणि रांगेचे नियम विद्यार्थ्यांना विचारून ठरले पाहिजेत, यावर मी ठाम आहे.

रात्रपाळी :
रांगेचे नियम खुशाल एकत्र बसून ठरवू. येताना जॉबच्या नोंदीही पाहायला हव्यात. आमच्याकडे आठ जीपीयू मागून दोनच वापरणारे जॉब रोज दिसतात आणि उरलेले सहा दुसऱ्या कोणाला देता येत नाहीत.

पाचवे वर्ष :
आमचा लेख अजून पाठवलेला नाही. आज दुपारी मार्गदर्शकांशी बोलले. पुन्हा सुरुवात करण्याच्या पद्धतीवरचे परिशिष्ट त्या इंजिनिअरांनी लिहावे, मग त्यांचे नाव तिसरे घालू, असे ते म्हणाले. परिशिष्टासाठी त्यांनी माझ्याकडून जुने चौदा चेकपॉइंट मागून घेतले आहेत.