प्रतिसाद : धक्का फक्त खांद्याला बसत नाही

जड बोअरच्या, म्हणजे रुंद नळीच्या रायफलचं काडतूस भरताना बंदुकीची दारू नेमकी मोजली की काम झालं, असं काही जण म्हणतात. ते मला पटत नाही. गोळी केसात, म्हणजे काडतुसाच्या धातूच्या नळकांड्यात, किती घट्ट बसलीय, हेही तितकंच महत्त्वाचं. आपल्या कोल्हापुरात रायफल म्हटलं की नेमबाज तेजस्विनी सावंत किंवा स्वप्नील कुसाळे यांची .22 रायफल डोळ्यांसमोर येते. त्या रायफलची गोळी साधारण 2.6 ग्रॅमची, धक्का नावालाच. .458 विंचेस्टर मॅग्नम या जड बोअरच्या काडतुसाची 500 ग्रेनची (ग्रेन हे वजनाचं छोटं माप) गोळी मात्र 32.4 ग्रॅम भरते! बार उडाला की रायफल झटक्यात मागे येते, मॅगझिनमधली (रायफलमधल्या काडतुसांच्या कप्प्यातली) काडतुसं जागेवरच राहू पाहतात आणि मॅगझिनची पुढची भिंत त्यांच्या टोकांवर आदळते. पकड सैल असेल तर गोळी केसात आत सरकते, आतली जागा कमी होते आणि दाब धोकादायक वाढू शकतो. .458 चं केस जवळपास सरळ, त्यामुळे सगळी भिस्त केसच्या तोंडाच्या पकडीवर आणि क्रिम्पवर (तोंडाची कड गोळीवर आत दाबण्यावर).

दुनळी रायफलीत नेमकं उलटं. दुसऱ्या नळीतलं काडतूस मागच्या कडेवर धरलेलं असतं, म्हणून तिथे गोळी पुढे निसटू पाहते. म्हणूनच पहिल्या बारानंतर न उडालेल्या काडतुसाची लांबी परत मोजायलाच हवी. हे कृपा करून कुणी टाळू नका.