'मालकी', 'परवानगी' आणि स्क्रिप्ट 'चालवणे'

प्रश्न: लिनक्सवर वेब स्क्रिप्ट चालवण्याबद्दल मराठीत टिपण लिहितोय. ओनरशिपला 'मालकी' ठीक आहे. परमिशनला 'परवानगी' म्हणू की 'अधिकार'? आणि एक्झिक्यूटला सरसकट 'चालवणे' म्हटलं, तर फोल्डर कसा चालवायचा?

प्रतिसाद: 'परवानगी' घ्या. 'अधिकार' रूटसाठी, म्हणजे सिस्टिमच्या सर्वाधिकारी खात्यासाठी, राखून ठेवा. फक्त वाक्य नीट बांधा. बोलताना आपण 'फाइलला परवानगी दे' म्हणतो, पण कोणाला द्यायची ते त्यात येतच नाही. मग समोरचा ७७७ ठोकून मोकळा होतो (तीन आकडे अनुक्रमे मालक, गट, इतर यांचे; प्रत्येक आकडा म्हणजे वाचन ४, लेखन २, एक्झिक्यूट १ यांची बेरीज, म्हणून ७७७ म्हणजे सगळ्यांना सगळं). 'या फाइलवर गटाला वाचनाची परवानगी' असं लिहिलं की घोळ होत नाही.

फोल्डरसाठी 'प्रवेश' म्हणा. नुसतं वाचन असेल तर आतल्या नावांची यादी मिळते, फाइल उघडत नाही. नुसता प्रवेश असेल तर यादी दिसत नाही, पण नाव ठाऊक असलेली फाइल उघडते (त्या फाइलवर वाचन हवंच). हा प्रवेश वाटेतल्या प्रत्येक फोल्डरवर लागतो. स्क्रिप्ट ६४४ आहे, पण वरचा होम फोल्डर ७००, की ४०३ (प्रवेश नाकारल्याचा एरर) आलाच. अपाची या वेब सर्व्हरच्या लॉगमध्ये अशा वेळी 'सर्च परमिशन' नाही अशी तक्रार असते, एक्झिक्यूटचं नावही नसतं.

प्रतिसाद: फाइलच्या बाबतीतही 'चालवणे' जपून वापरा. पीएचपीची फाइल एरवी सर्व्हरचा इंटरप्रिटर (कोड वाचून अमलात आणणारा प्रोग्राम) वाचतो, तिला एक्झिक्यूटची गरज नाही, वाचन पुरतं. सीजीआयची (सर्व्हर वेगळा प्रोग्राम म्हणून सुरू करतो ती) पायथन किंवा पर्ल स्क्रिप्ट मात्र थेट चालवली जाते, तिला वाचन आणि एक्झिक्यूट दोन्ही लागतात. 'चालत नाही ना, मग ७५५ कर' हा सल्ला म्हणूनच अंदाजपंचे असतो.

प्रतिसाद: मला 'मालक' आणि 'चालक' ही जोडी आवडते. फाइल ज्याच्या नावावर तो मालक, ज्या खात्यातून प्रोसेस चालते तो चालक. डेबियन-उबंटूवर अपाचीचा चालक डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा, फेडोरावर अपाची नावाचंच खातं. कर्नल (लिनक्सचा गाभा) आधी बघतो की चालक हाच मालक आहे का. असेल तर पहिला आकडा लागू, आणि तपासणी तिथेच संपली. म्हणजे फाइल ०७७ केली तर गटाला सगळं मिळेल आणि मालक बसेल बोंबलत! मालक नसेल तर गट बघायचा, तोही नसेल तर इतर.

कोडचा मालक चालकापेक्षा वेगळा ठेवावा, या मताचा मी आहे. फाइल ६४४, फोल्डर ७५५. सर्व्हरने वाचावं, लिहू नये. पीएचपी-एफपीएममध्ये (पीएचपी चालवणारी वेगळी सेवा) पूल, म्हणजे तिच्या प्रोसेसचा संच, खातेदाराच्याच नावाने चालवला तर दोघे एकच होतात. सोय होते खरी, पण स्क्रिप्टमध्ये भोक सापडलं तर घुसणारा कोडच बदलू शकतो.

प्रश्न: मग 'अदर्स'ला 'सर्व' चालेल?

प्रतिसाद: नाही, 'इतर'च. मालक आणि गट त्यात येत नाहीत. ७०७ दिलं तर गटातले सोडून बाकी सगळ्यांना मोकळं रान.

प्रश्न: माझं वाक्य असं: 'अपलोड फोल्डरवर सर्व्हरच्या गटाला लेखनाची परवानगी द्यावी.'

प्रतिसाद: फोल्डरला 'लेखन' अपुरं पडतं, 'फेरफार' म्हणा, आणि सोबत प्रवेशही लिहा. फाइल पुसणं किंवा तिचं नाव बदलणं हे फोल्डरवरच्या परवानगीने ठरतं. फाइल ४४४ असली, दुसऱ्याच्या मालकीची असली, तरी फोल्डरवर स्टिकी बिट (फाइल पुसण्याचा हक्क फाइलच्या किंवा फोल्डरच्या मालकापुरता ठेवणारी खूण) नसेल तर ती उडवता येते.